किल्ली ज्याच्या गळ्यात

युद्धनौकेच्या नाकाखाली, अगदी तळाला, एक भलंमोठं टेंगूळ असतं. ते कायम पाण्यात, त्यामुळे धक्क्यावर उभं राहून जहाजाचे फोटो काढणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. गोदीतले लोक त्याला डोम म्हणतात. वरून जाड रबराचं कवच, आत काठोकाठ पाणी, आणि त्या पाण्यात उभं केलेलं माणसाहून उंच पिंप. पिंपाच्या अंगभर उभ्या पट्ट्या आणि पट्टीपट्टीवर चिनीमातीच्या जातीच्या चकत्या. चकतीला विजेचा झटका दिला की ती थरथरते आणि पाण्यात आवाज सुटतो. तो लांब कुठे पाणबुडीवर आपटून परत आला की तीच चकती दबते आणि उलट वीज देते. म्हणजे तोंडही तेच आणि कानही तोच. आधी ओरडायचं, मग गप्प बसून ऐकायचं. सोनार म्हणतात ते हेच. माणसांना एवढं जमलं असतं तर जगातली निम्मी भांडणं मिटली असती, असं गोदीतली कानसेनबाई नेहमी म्हणायची. स्वतः मात्र ती कित्येक वर्षं एक भांडण उराशी धरून होती, आणि ते मिटावं अशी तिची मुळीच इच्छा नव्हती.

कानसेनबाई म्हणजे सोनार विभागाची मुख्य इंजिनिअर. गाणंबिणं तिला येत नव्हतं, पण हेडफोन लावला की खालच्या मजल्यावरचा कुठला पंप कुरकुरतोय हे ती बसल्या जागी सांगायची, म्हणून हे नाव. आणि भांडण होतं ते परीक्षणप्रमुखाशी, ज्याला सगळी गोदी पाठीमागे बगळा म्हणे. कायम पांढरेशुभ्र कपडे, लांब मान, आणि पाण्याच्या काठाला निवांत उभं राहायची सवय. श्रेयाचा मासा दिसला की मात्र झडप अशी की बाकीच्यांनी नुसतं बघत राहावं. बगळ्याला या भांडणाचा पत्ताही नव्हता. ज्याचं आयुष्य आपण मातीत घातलं त्या माणसाला एखादी बहीण असेल, हा विचार अशा लोकांच्या डोक्यात येतच नाही.

माती झाली ती तिच्या दादाची. दादा गोदीतला पाणबुड्या होता, आणि चांगला पाणबुड्या होता. डोमवर शिंपले धरतात. जहाज चालू लागलं की त्यांच्याभोवती पाणी खळखळतं आणि सोनारला स्वतःच्याच खळखळाटापलीकडे काही ऐकू येत नाही. ते शिंपले घासून काढायला दादा उतरला होता. गोदीचा नियम पक्का: जो पाण्यात उतरतो तो सोनारच्या टेबलावरची किल्ली काढून स्वतःच्या गळ्यात घालतो. किल्ली बाहेर, तर टेबलावरून आवाज सोडता येत नाही. माणूस वर आला की किल्ली वर येते. लेकराला सांगावा इतका साधा नियम, आणि दादाने तो कधी म्हणून मोडला नव्हता.

त्या जहाजावर तेव्हा बगळा सोनारचा अधिकारी होता. मोठे साहेब बघायला येणार होते आणि काही पट्ट्या दाद देत नव्हत्या. खाली प्रक्षेपणाच्या खोलीत उंच कपाटं असतात. चकत्यांना झटका देणारी वीज तिथेच तयार होते. दुरुस्ती करणाऱ्यांच्या सोयीसाठी प्रत्येक कपाटाच्या आत, झाकणामागे, चाचणीचा एक स्विच असतो. किल्ली टेबलाचा हुकूम अडवते, त्या स्विचला ती अडवत नाही. बगळ्याला घाई होती. त्याने झाकण काढलं आणि स्विच दाबला.

दादा तेव्हा डोमपासून हातभर अंतरावर होता.

बेशुद्ध दादाला वर ओढलं तेव्हा सगळ्यात आधी धावला तो बगळा. काय तळमळीने धावला म्हणून लोकांनी त्याचं कौतुक केलं! सूट सैल करायच्या निमित्ताने त्याने दादाच्या गळ्यातली दोरी ओढली आणि वर जाऊन किल्ली टेबलात खोचून टाकली. दोरी ओढल्याचं दादाला अर्धवट शुद्धीत जाणवलं होतं. पण दोन्ही कान गेलेल्या, सरळ उभंही राहता न येणाऱ्या माणसाचं कोण ऐकतो? चौकशीत बगळ्याने शपथेवर सांगितलं, "किल्ली टेबलातच होती, म्हणून मी टेबलावरून आवाज सोडला. किल्ली बाहेर असती तर तो सुटूच शकला नसता. पाणबुड्या किल्ली न घेता उतरला." समितीने माना डोलावल्या. दादाची नोकरी गेली, आणि बगळा एकेक पायरी चढत वर गेला.

एवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ तिने मूग गिळले असते. पण गोदीत पाणबुड्यांचा नवा वर्ग आला की पहिल्याच दिवशी दादाची गोष्ट सांगतात: एक शहाणा होता, किल्ली विसरला, बघा आता भिंतीला धरून चालतो. पोरं हसतात. कानसेनबाई एकदा त्या वर्गात सोनारवर बोलायला गेली होती आणि ते हसू तिने आपल्या कानांनी ऐकलं होतं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं.

तिने स्विच शोधून काढला होता. दादाच्या सहीने अर्ज पाठवून चौकशी पुन्हा उघडायला लावली होती. बगळ्याने शांतपणे उत्तर दिलं, की असा काही स्विच असतो हे मला ठाऊकच नव्हतं. मी टेबलावरचा माणूस, कपाटाच्या आतलं मला काय कळणार? आणि किल्ली बाहेर असताना कशानेही आवाज सुटत नाही, हे मी आजही शपथेवर सांगतो. पुन्हा माना डोलल्या. आता स्विच आहे हे सिद्ध करून उपयोग नव्हता. बगळ्याला तो तेव्हाही ठाऊक होता, हे सिद्ध करायला हवं होतं. माणसाच्या डोक्यात काय दडलंय ते बघायला तिथे सोनार सोडता येत नाही. पण त्याच्या शेजारी सोडता येतो, असं एक दिवस तिच्या मनात आलं, आणि त्या रात्री तिला छान झोप लागली.

मोठ्या दुरुस्तीहून एक जहाज बाहेर पडलं होतं. पिंपाच्या सगळ्या पट्ट्या नव्या. अशा वेळी टकटक करावी लागते: पाणबुड्या लाकडी हातोडी घेऊन डोमभोवती फिरतो, एकेका पट्टीसमोर कवचावर टकटक करतो, आणि वर सोनारच्या खोलीत पडद्यावर त्याच दिशेला उजळ रेघ उमटते का ते बघतात. कुणी तारांची अदलाबदल केली असेल तर डावीकडची टकटक उजवीकडे दिसते. अशा जहाजाने पुढे शत्रू डावीकडे असताना उजवीकडे तोफ वळवली तर हसायलाही कुणी उरत नाही. टकटकीसाठी ऐकणारा भाग चालू असावा लागतो, म्हणजे जहाजावर वीज हवी.

आणि इथेच कानसेनबाईचं लक्ष होतं. बगळा हौसेने पाण्यात उतरायचा. स्वतः डोम तपासणारा प्रमुख म्हणून त्याचे फोटो ऑफिसभर लागले होते. पण ती वर्षानुवर्षं बघत आली होती: तो उतरायचा ते पूर्ण वीज बंद असलेल्या जहाजाखाली. चालू जहाजाखाली कधीच नाही. दरवेळी काही ना काही निमित्त. किल्लीवर ज्याचा एवढा विश्वास, त्याचा किल्लीवर विश्वास नव्हता.

बैठकीत ती अगदी साध्या सुरात म्हणाली, "या वेळची टकटक साहेबांनीच करावी असं मला वाटतं. जहाज ताब्यात द्यायच्या दिवशी परीक्षणप्रमुख स्वतः पाण्यात, याहून चांगलं काय? फोटोवाले येणारच आहेत."

जहाजाचा कप्तान, सरळ मनाचा आणि जाड आवाजाचा माणूस, टेबलावर थाप मारून म्हणाला, "वा! झालंच तर मग!"

बगळ्याने चहाचा कप हळूच खाली ठेवला. नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. फोटोंची हौस त्याचीच होती.

त्या दिवशी सकाळी ऊन लख्ख होतं. जहाजाला लागून एक तराफा बांधला होता. त्यावर पाणबुड्यांचा मुकादम, कप्तान आणि दोन फोटोवाले. काळा सूट चढवलेला बगळा फोटोत उठून दिसत नव्हता, म्हणून त्याने खांद्यावर पांढरा टॉवेल घेतला होता. मुकादमाने नियमाप्रमाणे किल्ली आणून दिली.

"लाइन चालू आहे ना वर?" बगळ्याने विचारलं.

"हो सर. ऐकायला वीज लागतेच," कानसेनबाई म्हणाली.

"आणि खाली कपा..." तो बोलता बोलता थांबला.

"काय म्हणालात, सर?"

त्याने कप्तानाकडे पाहिलं, मुकादमाकडे पाहिलं. कपाटांची मुख्य वीज तोडून घ्या, एवढंच त्याला म्हणायचं होतं. साधी सावधगिरी. पण किल्ली गळ्यात असताना ती मागायची, म्हणजे किल्ली पुरत नाही हे चारचौघांत कबूल करायचं. ते वाक्य त्याने गिळलं, आणि त्याच्या लांब मानेतून ते खाली उतरताना कानसेनबाईला स्पष्ट दिसलं.

"काही नाही," तो म्हणाला आणि किल्ली गळ्यात घालून पाण्यात उतरला.

खरं म्हणजे कपाटांची मुख्य वीज तिने पहाटेच तोडली होती, मुख्य स्विचवर स्वतःचं कुलूप लावलं होतं आणि ते दोनदा ओढून पाहिलं होतं. खुनी व्हायची तिची तयारी नव्हती. तिला त्याच्या अंगाला बोटही लावायचं नव्हतं. तिला फक्त त्याची भीती हवी होती, सगळ्यांच्या देखत, उघडी.

सोनारची खोली म्हणजे जहाजातली सगळ्यात थंड आणि अंधारी जागा. यंत्रं तापू नयेत म्हणून माणसांना गारठवायची तिथली पद्धत. पडद्यासमोर ऑपरेटर बसला होता. त्याला सगळे डुलकी म्हणायचे. हेडफोन लावून डोळे मिटले की तो झोपलाय असं वाटायचं, आणि बहुतेक वेळा तो झोपलेलाच असायचा. आज मात्र प्रमुखसाहेब खाली आहेत म्हणून त्याने डोळे ताणून उघडे ठेवले होते. कानसेनबाईने दुसरा हेडफोन चढवला आणि मायक्रोफोन जवळ ओढला. पाणबुड्याला सूचना द्यायला डोमशेजारी पाण्यात एक कर्णा सोडलेला असतो. इथे बोललेलं तिथे ऐकू जातं, आणि तेच तराफ्यावरच्या स्पीकरवरही. खालचा माणूस बोलू शकत नाही, तो टकटक करून उत्तर देतो. तराफ्याचा फोन तिने उघडाच ठेवायला सांगितला होता.

टक, टक. पडद्यावर डावीकडे रेघ उजळली.

"बरोबर," ती म्हणाली. "पुढची."

टक, टक. पुन्हा रेघ. पट्ट्या चोख होत्या. काम तिच्याच हाताखाली झालं होतं. एकेका पट्टीला आवाज किती उशिरा पोचला हे बघून यंत्र दिशा ठरवतं, आणि दिशा केसभरही चुकत नव्हती. पण तिचं लक्ष टकटकीकडे नव्हतं. हेडफोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता. आत ओढताना नळीतली शिट्टी, सोडताना बुडबुड्यांचा गडगडाट. समुद्रातली पाणबुडी शोधायला केलेलं यंत्र होतं ते. हातभर अंतरावरच्या माणसाचं पोट गुरगुरलं तरी त्याला कळलं असतं. दादाचा शेवटचा शांत श्वासही अशाच यंत्राने ऐकला असेल, आणि वर कुणी हेडफोन लावला नसेल.

डोमच्या अगदी पुढच्या टोकाला, जिथे सगळी ताकद समोर फेकली जाते, तिथे तो पोचला. कानसेनबाईने बटण दाबलं. आवाज रोजचा ठेवला, भाजी काय करायची विचारावं तसा.

"सूचना. प्रक्षेपण खोलीत कपाटावरची स्थानिक चाचणी घेतली जाणार आहे. टकटक चालू ठेवावी."

तराफ्यावरून कप्तानाचा आवाज आला, "बाई, साहेब खाली आहेत. चालतं ना हे?"

"किल्ली साहेबांच्या गळ्यात आहे, सर," ती त्याच बटणावर बोलली, म्हणजे खालीही ऐकू जावं. "किल्ली बाहेर असेल तर आवाज सुटूच शकत नाही. साहेबांनीच शपथेवर सांगितलंय."

किल्ली पुरते असं ज्याला खरंच वाटतं त्याच्यासाठी हे शब्द म्हणजे ऑफिसातली कटकट. तो हातोडी मारत राहिला असता. निरपराध माणसाला त्या वाक्यात भिण्यासारखं काहीही नव्हतं. ते वाक्य तिने महिनोन्महिने घासूनपुसून तयार केलं होतं.

टकटक थांबली.

श्वासाची लय बिघडली. शिट्टी, गडगडाट, शिट्टी, गडगडाट, एकावर एक. कवचावर काहीतरी घासलं. हातोडी सुटून डोमवरून गडगडत गेली आणि पडद्यावर वेडीवाकडी रेघ ओढून खाली गाळात पडली. कानसेनबाई पुढे झुकली. इतक्या वर्षांत तिला इतकं गोड काही ऐकू आलं नव्हतं. भी, ती मनात म्हणाली. भी मेल्या, चांगला भी. खाली कुठल्या बाजूने वार येणार हे कळत नाही, नाही का? पाण्यात आवाज चहूकडून येतो. दादालाही कळलं नव्हतं.

"स्थानिक चाचणी," तिने पुन्हा बटण दाबलं. "झाकण काढलंय."

मग एकदम बुडबुड्यांचा आवाज बंद झाला.

डुलकीने मान वळवली. "बाई, श्वास बंद झाला."

तिला कळलं होतं. डुलकीच्या आधी कळलं होतं. बगळा वर निघाला होता, लाथा झाडत, आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्याने केलं होतं: छातीत हवा कोंडून धरली होती. पाण्यातून वर येताना श्वास सोडत यायचं असतं, कारण वर येईल तशी छातीतली हवा फुगत जाते. दादाने हे तिला लहानपणी विहिरीच्या काठावर शिकवलं होतं. मायक्रोफोन हातात होता. अंगठा बटणावर होता. श्वास सोडा, एवढे दोनच शब्द.

तिने अंगठा उचलला.

"बाई?" डुलकी म्हणाला.

"ऐकते आहे मी," ती म्हणाली.

उघड्या फोनमधून आधी पाणी फुटल्याचा आवाज आला, मग आरडाओरडा. बगळ्याने तोंडातली नळी ओढून फेकली असावी, कारण त्याचा आवाज चिरका आणि ओला येत होता. "बंद करा! कपाट बंद करा! मारते ती मला!"

"साहेब, किल्ली तुमच्या गळ्यात आहे," मुकादम म्हणत होता. "ही काय, गळ्यातच आहे."

"किल्लीने कपाट थांबत नाही, मूर्खा! आतल्या स्विचला किल्लीबिल्ली लागत नाही! मला माहितीय, मी दाबलाय तो..."

फोटोवाल्यांच्या कॅमेऱ्याचाही आवाज नाही. आणि मग कप्तानाचा जाड आवाज, पण अगदी हळू: "कधी दाबलात, साहेब?"

खोकला आला, पाठोपाठ मुकादमाची ओरड, "रक्त येतंय तोंडातून! स्ट्रेचर आणा!"

कानसेनबाईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. एक मोठ्ठं ओझं उतरलं होतं, आणि खोटं कशाला बोला, तिला हसू येत होतं. डुलकी तिच्याकडे पाहत होता. तो आज पूर्ण जागा होता.

थोड्या वेळाने कप्तान खोलीत आला. तिने न विचारताच त्याला खाली नेऊन मुख्य स्विचवरचं कुलूप दाखवलं. त्याने ते हातात धरून पाहिलं.

"म्हणजे धोका काहीच नव्हता."

"काहीच नव्हता."

"तुम्ही हे ठरवून केलंत."

"मी एक सूचना दिली. टकटक चालू ठेवा असंही सांगितलं. तो का पळाला हे त्याला विचारा."

कप्तानाने कुलूप हातातून सोडलं. मग म्हणाला, "मी जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगेन. मुकादमही सांगेल, तो तर रडतोय तिकडे. तुमचा भाऊ आणि तो एकाच वर्गातले होते म्हणे. पण बाई, त्या माणसाचं फुप्फुस फाटलंय."

"जगेल का?"

"जगेल म्हणतात. पुढे काय, ते कुणी सांगत नाही."

"माझा भाऊही जगलाच," ती म्हणाली.

घरी पोचली तेव्हा संध्याकाळचं ऊन दारात होतं. बातमी तिच्या आधी आली होती. मुकादम वहिनीशी फोनवर बोलला होता. वहिनीने दारातच तिला मिठी मारली. "वन्सं, पांग फेडलेत तुम्ही! मेला भर उन्हात, सगळ्यांदेखत बोलला म्हणे!" तिचे डोळे रडून लाल झाले होते आणि तोंडभर हसू होतं. एवढी वर्षं लोकांच्या कुजबुजीला उत्तर न देता राहिलेली बाई, आज गल्लीतल्या प्रत्येकीला हाका मारून सांगून आली होती.

दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. तो ओठ वाचायचा, म्हणून कानसेनबाई समोर स्टूल ओढून बसली, तोंडावर उजेड येईल अशी. तिने सगळं सांगितलं. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून. बैठक, टॉवेल, गिळलेलं वाक्य, हातोडी, आणि शेवटी बगळा काय ओरडला ते. ते तिने त्याला दोनदा सांगितलं. दादाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

"म्हणजे आता त्या वर्गात..." त्याचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे जरा मोठाच असायचा.

"आता त्या वर्गात तुझी गोष्ट खरी सांगतील. मी स्वतः जाऊन सांगेन. बघते कोण हसतं ते."

त्याने तिचा हात हातात घेतला आणि घट्ट दाबला. वहिनी मागे उभी राहून नाक पुसत होती. मग दादाच्या कपाळावर आठी पडली. तो पाणबुड्या होता. ऐकू येणं गेलं तरी ते काही गेलं नव्हतं.

"रक्त का आलं त्याला?"

कानसेनबाईने तोंड उजेडातून बाजूला वळवलं.

"श्वास धरून वर आला तो?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"तुला कसं कळलं?"

"हेडफोनमध्ये. बुडबुडे थांबले."

"म्हणजे तुला ऐकू आलं."

"आलं."

"कर्णा चालू होता?"

"होता."

दादा तिच्या ओठांकडे बघत राहिला, जणू अजून एखादा शब्द यायचा राहिलाय. तो येईना तेव्हा म्हणाला, "मग बोलली का नाहीस, चिमे?"

तिचा राग उसळला. एवढं सगळं करून, एवढी वर्षं दात ओठ खात काढून, जबाब द्यायचा तो तिनेच? "का बोलू?" ती म्हणाली, आणि तोंड एवढं वेडंवाकडं झालं की त्याने ओठ नीट वाचले असतील की नाही कोण जाणे. "तुला सांगितलं होतं का कुणी? तू खाली होतास तेव्हा कुणी म्हणालं का तुला, बाजूला हो म्हणून? कोण होतं तुझ्यासाठी वर?"

त्याने ते सगळं वाचलं होतं.

"माझ्यासाठी कुणी नव्हतं," दादा म्हणाला. "त्याच्यासाठी तू होतीस."

वहिनी म्हणाली, "अहो, काय बोलताय तिला! तुमच्यासाठीच केलंय ना तिने?" पण ती त्याच्या मागे उभी होती, आणि तिचे शब्द त्याच्यापर्यंत पोचले नाहीत. कानसेनबाईला उत्तर द्यायचं होतं. तिच्याकडे पुष्कळ उत्तरं होती, वर्षानुवर्षं साठवलेली. तिने तोंड उघडलं.

दादाने डोळे मिटून घेतले होते. ती बोलली, दोन-तीन वाक्यं बोलली, मग तिच्या लक्षात आलं की मिटल्या डोळ्यांपुढे कितीही ओरडलं तरी ते कुठेच पोचत नाही. तिने त्याच्या गुडघ्याला हात लावला. त्याने तो हळूच बाजूला केला, खुर्चीचा हात धरून उठला, आणि तिने पुढे केलेला खांदा न घेता भिंतीला चाचपत आतल्या खोलीत गेला.